म्हणे ओसाड माळ

चाळीसच्या दशकात मी शिकत होतो ते कॉलेज सांगलीच्या अलीकडे होतं. रस्त्याला दुतर्फा शिरीष आणि कडुनिंब, फाटकापासून वसतिगृहापर्यंत गार सावली. पाहुणे आले की आमचे एक प्राध्यापक त्यांना सगळीकडे हिंडवत आणि ठरलेलं वाक्य टाकत, "आम्ही आलो तेव्हा इथं ओसाड माळ होता." त्या वाक्याची मला शिसारी यायची. त्या 'ओसाड माळावर' आमचा शाळू पिकायचा. ही सगळी झाडं आमच्याच विहिरीच्या पाण्यावर पोसली होती.

बांधावरचा आमचा म्हसोबा, शेंदूर फासलेला दगड, तेवढा जागचा हलला नव्हता. तो आता प्राध्यापकांच्या बागेत आला होता आणि माळी त्याच्यावर फुलझाडाची कुंडी ठेवायचा. आषाढात म्हसोबाला दहीभात दाखवल्याशिवाय आईला घास उतरत नसे. त्या वर्षी ती नैवेद्य घेऊन आली, तेव्हा नेमके बागेत पाहुणे होते. मला वाटलं, आता हिला हाकलणार. पण प्राध्यापकांचा चेहरा खुलला.

"या बाई, या. बघा, ही इथली भोळी माणसं. झाडं आम्ही वाढवली आणि यांना सावलीत देव सापडला."

पाहुणे कौतुकाने हसले. एका बाईंनी नाकाला लावलेला रुमाल हसतानाही काढला नाही. आईनं कुंडी उचलून बाजूला ठेवली, पदरानं दगड पुसला, नैवेद्य ठेवला, हात जोडले आणि निघाली.

"अहो बाई, इकडं वळा. पुन्हा एकदा ठेवा," कॅमेरा घेऊन आलेले एक पाहुणे म्हणाले.

म्हसोबाला नैवेद्य ठेवला की मागं वळून बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आई चालतच राहिली.

"ऐकू येत नसावं," प्राध्यापक म्हणाले.

मी धावत तिला गाठलं. "आई, मला हितं ऱ्हायाचं न्हाई. मी बी घरी येतो. किळस आली मला ह्या लोकांची."

ती समोर बघतच म्हणाली, "आलेली ऱ्हाऊ दे. रान दिलंय आपण. फुकट शिकत न्हाईस तू. जा, वर्गात जाऊन बस."

मी गेलो. दुपारचा तास त्याच प्राध्यापकांचा होता.