डार्लीनचं पाऊल

नेब्रास्कातल्या वेल्डन गावात ऑर्विल यांडाला दोन कामं होती. आठवडाभर धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचे आणि रविवारी दुपारी चर्चच्या सॉफ्टबॉलला अंपायर म्हणून लोकांचं डोकं उठवायचं. दुसऱ्या कामात तो जास्त रमायचा.

त्याची सगळी भक्ती एकाच नियमावर. बॅट चेंडूला लागते त्या क्षणी बॅटरचं अख्खं पाऊल त्याच्या उभं राहायच्या, फक्कीने आखलेल्या चौकोनाबाहेर टेकलेलं असेल, तर बॅटर आऊट. रेघेला नुसती टाच लागली असेल तर माफ. गावाने यावर सोपा तोडगा काढला होता: पहिला बॅटर चौकोनात शिरला की बूट घासून रेघच पुसून टाकायचा. लूथरन चर्चच्या संघातून खेळणारे पाद्रीबुवासुद्धा पुसायचे, वर आभाळाकडे बघत. पण ऑर्विलही वस्ताद. त्याने लाकडी साचा बनवला आणि दर डावाला नव्याने फक्की मारायला लागला. एका उन्हाळ्यात पाद्रीबुवांना त्याने चारदा आऊट दिलं.

त्याची बायको डार्लीन लूथरनांकडूनच खेळायची. अकरा उन्हाळे झाले, बाई एकदाही पहिल्या बेसवर पोचली नव्हती. एक हिट, एवढंच तिला हवं होतं.

त्या रविवारी कॅथलिकांविरुद्ध तिने पुढे झेपावून असा टोला हाणला की चेंडू थेट कुंपणापर्यंत गडगडत गेला. डार्लीन बेसवर उभी राहून खुदुखुदू हसत होती. पण टोला हाणताना तिचं पुढचं अख्खं पाऊल रेघेच्या वीतभर बाहेर टेकलं होतं. ऑर्विलने ते स्वच्छ पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प बसला.

पण बावीस वर्षं गावाला पढवलेलं वाया थोडंच जाणार?

"अख्खं पाऊल!" कॅथलिकांचा कॅचर लॅडी होराक ओरडला.

"टेकलेलं!" बाकावरून कोणीतरी पुस्ती जोडली.

"बॅट लागली त्याच क्षणी," पाद्रीबुवा म्हणाले. संघ स्वतःचा, पण चार आऊट विसरतात कुठे!

"मला दिसलं नाही," ऑर्विल पुटपुटला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

डार्लीन बेस सोडून तरातरा त्याच्यासमोर आली. "ऑर्विल, कुठे होता माझा पाय?"

"जाऊ दे ना, डार्लीन. अकरा वर्षांनी..."

"म्हणजे बाहेर होता."

"...हो."

"अख्ख्या गावाला आऊट देतोस, आणि मला भीक घालतोस? अरे, मी खेळायला येते इथे!"

ऑर्विलने मूठ वर केली. "आऊट!"

डार्लीन मान ताठ ठेवून बाकाकडे चालू लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या निकालाला गावाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या त्याला ऐकवेनात.