त्यांच्या बागेखाली आमची विहीर

"पी," ते म्हणाले. "पिऊन दाखव सगळ्यांना."

मंगल कार्यालय भरलं होतं. पुढच्या रांगेत क्लासवाले सर, हॉस्टेलवाले, डॉक्टर. त्यांच्या मागं व्यापारी. आमच्या वस्तीतले आम्ही सातआठ जण दारापाशी, लोकांनी काढलेल्या चपलांजवळ उभे. स्टेजवर मोठा फलक. अंदाजपत्रक, विकास, पर्यावरण. नगराध्यक्ष, सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, लोकांना समोर बसवून सांगत होते, यंदा पैसा आधी कुठं लागणार, मग कुठं. आधी क्लासच्या रस्त्याला सिमेंट. मग त्या रस्त्याला कमान आणि दिवे. मग ओढ्यावर स्लॅब टाकून बाग. डॉक्टर व्हायला आलेली पोरं अभ्यासातून उठली की फिरायला कुठं जाणार, म्हणून बाग. नावही ठरलेलं, प्राणवायू उद्यान. टाळ्या पडल्या.

मी हात वर केला. एवढ्या माणसांत मी पहिल्यांदाच तोंड उघडत होते. म्हणलं, भाऊ, त्या ओढ्याच्या काठावर आमची विहीर आहे. हॉस्टेलच्या संडासच्या टाक्या उपसून मैल्याची गाडी वर ओढ्यात रिकामी करते. पाणी विहिरीत उतरतंय. पिशवीतून बाटली काढून दाखवली. पिवळट पाणी, वर तवंग.

त्यांनी बाटली मागवून घेतली. उजेडात धरली. मग ग्लास मागवला, त्यात ओतलं आणि माझ्याकडं पाठवला.

"रोज पितीस ना? मग हुबी कशी हायेस इथं?" ते माईकमध्येच बोलत होते. "पी. पिऊन दाखव सगळ्यांना."

मला त्यांचा डाव कळला होता. प्याले तर पाणी चांगलं. नाही प्याले तर मी खोटी. चारशे डोळे माझ्यावर. त्याच पाण्यानं दोन महिन्यांपूर्वी माझी भाची गेली होती. चार वर्षांची. हगवण आणि उलट्या. दवाखान्याच्या पायरीवर माझ्या भावाच्या मांडीवर गेली.

आणि तरी मी प्याले.

का प्याले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मोठ्या माणसानं सांगितलं की हात आपोआप पुढं होतो, तशी सवय होती. पोटात गेलं आणि तिथंच उलटलं. फरशीवर ओकले. पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"नाटक करायलीय," ते म्हणाले. "पुसायला लावा. तिचं कामच हाय ते."

मी एका हॉस्टेलात झाडलोट करायचे, हे त्यांना माहीत होतं. मी गुडघ्यावर बसले. फडकं नव्हतं. पदरानं पुसलं. मी पुसत होते आणि वर कमानीच्या रंगाची चर्चा सुरू झाली होती.

गावाचं नाव सांगत नाही. लातूरहून एसटीनं दीड तास. लातूरच्या मोठ्या क्लासात ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी आमच्याकडं क्लास निघाले. धर्माबाद, मुखेड, निलंग्याकडून पोरं येतात. आधी चार खोल्या, मग इमारती, मग गल्लीच्या गल्ली.

आम्ही मूळचे इथले नाही. भूकंपातले. आमच्या जुन्या गावात दगडामातीची जाड भिंतींची घरं होती, वर मातीचं माळवद. ती गावातल्या मोठ्या जातींची. आम्ही गावाबाहेर, कुडाच्या झोपड्यांत. जमीन हलली तेव्हा ती घरं माणसांवर बसली. आमचे कुड नुसते कलंडले. मी अकरा वर्षांची. दिवस उजाडला तेव्हा माझा बा आणि वस्तीतले सगळे गडी हातांनी दगड उपसत होते. ज्या घरांच्या उंबऱ्यावर कधी पाय ठेवू दिला नाही, त्या घरांतली माणसं त्यांनी ओढून काढली. मेलेली आणि जिती. बाच्या बोटांची नखं निघाली होती.

आठ दिवसांनी छावणीत पाण्याची टाकी आली. बा घागर घेऊन गेला. ज्याला त्यानं ढिगाऱ्यातून काढलं होतं, त्याच्या थोरल्या भावानं बाच्या मनगटावर काठी मारली. शेवटी भरायचं, म्हणाला. घागर फुटली. मी बघत होते. बा वाकून खापऱ्या वेचायला लागला. महिन्याभरात आम्ही अकरा घरं तिथून उठलो आणि या गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठावर आलो. पहिल्यांदा घरं बांधली नाहीत. विहीर खणली. बायका माती वाहत होत्या, माय पोटुशी होती तरी वाहत होती. पाणी लागलं तेव्हा बा खालून ओरडला नाही, नुसता वर बघून हसला. त्या पाण्यासाठी आम्हाला कुणाच्या मागं उभं राहावं लागणार नव्हतं.

बा गेला त्याला बरीच वर्षं झाली. विहीर राहिली.

त्या सभेहून मी घरी आले तेव्हा माय दारात बसली होती. तिला आधीच कळलं होतं. तिनं एकच विचारलं.

"पुसलंस का?"

मी होय म्हणून मान हलवली. ती उठली आणि तिनं मला मारलं. म्हातारा हात, पण जीव खाऊन मारलं. दोन्ही गालांवर. भाऊ आडवा आला, त्यालाही ढकललं. मग ती खाली बसली आणि तिनं माझा पदर ओढून फाडून घेतला. चुलीत घातला. लुगड्याचा तुकडा जळत होता आणि ती बघत होती. मला रडू आलं नाही. गाल पेटले होते. पहिल्यांदा मला वाटलं, मायचा मार लागत होता आणि मोठ्या माणसांचा लागत नव्हता, हे मी आजवर उलटंच धरून बसले होते.

आठवड्याभरात नगरपालिकेचा माणूस कागद घेऊन आला. सदर विहीर वापरात नसल्याने बुजवून उद्यानाच्या कामी घेण्यास हरकत नाही. खाली अकरा घरांच्या अंगठ्यांची जागा. नळ देऊ म्हणाला. कधी, ते कागदात नव्हतं. कुणी अंगठा दिला नाही. तो म्हणाला, बाग तर होणारच.

त्यानंतरच्या दुपारी मैल्याची गाडी आली. आम्ही पाच बायका आणि माझा भाऊ ओढ्याच्या रस्त्यात आडवे उभे राहिलो. गाडी चांदभाई चालवायचा. दुसऱ्याची गाडी, तो पगारी. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला.

"ताई, मला हितंच टाकायला सांगितलंय," तो म्हणाला. "तुम्ही हटणार न्हाई म्हणा, मी फोन करून सांगतो."

त्यानं फोन लावला. तो खरं तेच बोलला. अर्ध्या घंट्यात जीप आली. चार जण उतरले. आधी त्यांनी चांदभाईच्या कानफटात मारली, गाडी बंद का केली म्हणून. मग माझ्या भावाकडं वळले. एकाच्या हातात लोखंडी पाइप होता. पहिला फटका कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळलं लाकूड मोडावं तसा. भाऊ खाली पडला तरी मारत राहिले. माझ्या भावजयीनं त्याच्यावर अंग टाकलं, तर तिच्या पाठीवर मारलं. बायका दगड उचलायला धावल्या, एकीला त्यांनी विहिरीच्या काठावर आपटलं.

माझे केस एकानं धरले. बावीस-तेवीस वर्षांचं पोर असेल. मला फरफटत गाडीच्या मागं नेलं. दुसऱ्यानं तोटी सोडली. मैला बदाबदा पडायला लागला आणि त्या पोरानं माझं तोंड त्याच्याखाली दाबलं. नाकात गेलं. डोळ्यांत गेलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं, तोंडात गेलं.

"पी आता," तो म्हणाला. "भाऊनं सांगितलंय, हिला सवय हाय."

माझा हात जमिनीवर चाचपत होता. दगड लागला. मी मान न वळवताच मागं मारला. त्याची पकड सुटली. मी उठले. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. दुसरा दगड त्याच्या तोंडावर मारला. तो पडला. तिसरा तो पडल्यावर मारला.

हे मी लपवत नाही. तिसरा मारायला नको होता असं माझा वकील म्हणतो. दोन स्वतःला वाचवायला मारले असं कोर्टाला सांगता येतं, तिसऱ्याचं काय सांगायचं, विचारतो. त्या पोराचा जबडा मोडला. एका डोळ्यानं त्याला आता दिसत नाही. त्याची आई शुक्रवारच्या बाजारात कोथिंबीर विकते, हे मला नंतर कळलं. मी तिच्याकडून कोथिंबीर घेतलेली आहे.

बाकीचे तिघं त्याला उचलून पळाले. आम्ही चौकीवर गेलो. माझ्या अंगाचा वास येत होता म्हणून मला बाहेर थांबवलं. भावाला मारल्याची साधी नोंद झाली. माझ्यावर मोठं कलम लागलं. मी कोठडीत गेले. हॉस्टेलचं काम गेलं. जामीन झाला तेव्हा भावाचा हात वाकडाच जुळला होता. तो गवंडीकाम करायचा. आता थापी धरता येत नाही.

जामिनावर सुटल्यावर नगराध्यक्षांनी बोलावलं. बंगल्याच्या बाजूला त्यांचं ऑफिस. भिंतीवर बागेचं मोठं चित्र. हिरवळ, कारंजं, बाकावर पुस्तक वाचणारी पोरगी. मी चित्रात विहिरीची जागा शोधली. कारंजं होतं तिथं.

त्यांनी टेबलावर एक कागद सरकवला आणि समजावून सांगायला लागले. आवाज चढवला नाही. म्हणाले, गावाचं नशीब क्लासवर चाललंय. पोरं येतात म्हणून खोल्या भाड्यानं जातात, मेस चालतात, रिक्षा चालतात, तुमच्या बायकांना झाडलोटीचं काम मिळतं. गाव स्वच्छ दिसलं तर आईबाप पोरी पाठवणार. पैसा थोडा असतो, आधी कुठं घालायचा ते ठरवावं लागतं. अकरा घरांसाठी सगळं गाव थांबवू का? तू अंगठा दे, तक्रार मागं घे, त्या पोराला मी समजावतो, केस ढिली पडंल. आणि जाताना पाया पड. लोकांना दिसलं पाहिजे, मिटलं म्हणून.

मी आजवर त्यांच्यासमोर कायम उभीच राहिले होते. माझा बासुद्धा त्यांच्या बापासमोर उभाच राहायचा. मी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांची मान वर झाली.

कागद उचलून मोठ्यानं वाचायला लागले. मी दहावी झालेली आहे. त्यांना वाटलं होतं मला अंगठाच येतो. 'सदर विहीर वापरात नसल्याने' इथं थांबले.

"हे खोटं हाय, भाऊ."

"सरकारी भाषा असती ती."

"माझी भाची ह्या विहिरीचं पाणी पिऊन मेली. वापरात नव्हती तर ती मेली कशानं?"

त्यांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "जेलात सडशील."

"सडंन. सही न्हाई करणार. पायाबी पडणार न्हाई."

कागद तिथंच ठेवून निघाले.  वळून बघितलं नाही.

बागेचं काम पलीकडच्या टोकाकडून सुरू झालंय. दिवे लागले. कमान झाली. आमच्याकडची जागा आम्ही सोडलेली नाही. पाळीनं दोन माणसं विहिरीपाशी बसतात. पाणी अजून पिण्यासारखं नाही. तीनदा उपसलं, तरी वास येतो. अंदाजपत्रकात आमच्या नळाला या वर्षीही जागा नाही.

मैल्याची गाडी आमच्याकडं यायची थांबली. वस्तीत सगळे म्हणाले, जिंकलो. परवा बाजारात चांदभाई भेटला. त्यानं काम सोडलंय. त्यानं सांगितलं, गाडी आता खालच्या अंगाला जाते. ओढा जिथं वळतो तिथं वडारांची पालं आहेत. दगड फोडणारी माणसं. त्यांची लेकरं ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पितात.

भावजय म्हणाली, आपल्यावरचं टळलं, आता गप बसा, तुमच्यावर केस हाय. तिचं चुकत नाही. तिचं लेकरू गेलं, नवऱ्याचा हात गेला.

पण मी उद्या खाली पालांवर जाणार आहे. त्यांना सांगणार आहे की गाडी कधी येते, कुणाची आहे, कोण पाठवतं. त्यांच्याबरोबर रस्त्यात उभी राहणार आहे. पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख आहे. न्यायाधीशांनी विचारलं तर सांगणार, तिन्ही दगड मी मारले. त्या पोराच्या डोळ्याचं वाईट वाटतं, हेही सांगणार. आणि माझं तोंड पुन्हा कुणी त्या मैल्यात दाबलं तर पुन्हा मारीन, हेही सांगणार. वकील म्हणतो, एवढं बोलू नका.

मी बोलणार आहे.