तात्यांचा बांबू आणि माझं पत्रक

तात्या नदीबद्दल तोंडी काही सांगत नसत. वैतरणेत आज किती पाणी आहे विचारलं, की होडीतला लांब बांबू उचलत, तळाला टेकवत, ओल्या खुणेवर बोट ठेवत आणि मगच बोलत. जन्म त्याच पाण्यावर गेलेला माणूस! मी एकदा हसले, तर म्हणाले, "काल इथं होता तो गाळ आज तिथं. आदी माप, मंग बोल, बाय."

कोळणी रोज टोपल्या घेऊन त्यांच्याच होडीने पलीकडे जात. एखादी चिडवायची, "तात्या, नवरीपन बांबूनंच मापली का?" तात्या म्हणायचे, "तिथंच चुकलो. नुसती बघून हो म्हटलं."

मग बुलेट ट्रेनच्या पुलाचं काम आलं. मी विरोध करणाऱ्या संघटनेत होते, आजही आहे. एका दुपारी काठावरून पाहिलं, तर साहेबांच्या बोटीत तात्या उभे! बांबू टेकवून टेकवून जागा दाखवताहेत. मला तेवढं पुरलं. दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं: 'नदी विकणारा दलाल ओळखा!' नाव घातलं नाही, बांबूचं चित्र घातलं. नाव घालण्यापेक्षा ते नीच होतं.

कोळणींनी होडी बदलली. तात्यांना वाचता येत नव्हतं. पत्रक घेऊन ते माझ्याकडेच आले. "वाच." मी खणखणीत आवाजात वाचलं, 'दलाल'सकट. त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "चित्र बरं आलंय," म्हणाले. थोड्याच दिवसांत होडी विकून मनवेलपाड्याला लेकीकडे राहायला गेले.

पुढे कामाचा भराव नदीत पडला, पण मधला खोल पट्टा मोकळा राहिला. त्यातून जाताना नवा होडीवाला म्हणाला, "तात्यानं मापून दावलं, भांडला, म्हनून ही वाट सोडली. नायतर होड्या काठालाच बसल्या असत्या. पूल त्यालापन नको होता."

मी माफी लिहून मनवेलपाड्याला गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, जिथून पाण्याचा थेंब दिसत नाही, ती वाचून दाखवली.

"ही किती छापलीस?"

माझ्या हातात हाताने लिहिलेला एकच कागद होता.

"ते तर घरोघर वाटलंस, बाय."

"छापते," मी म्हणाले. संघटनेत सगळे म्हणाले, आपलंच हसं होईल. मीही मान डोलावली.

तात्या गेले, त्यानंतर छापली. धक्क्यावर वाटताना एका कोळणीने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आता कुनासाठी गं?"

मी पुढच्या बाईच्या हातात कागद दिला.