बारक्याचा खडक

समुद्रात घुसलेल्या त्या टोकावर खडकांना नावं द्यायची रीत सोपी होती. दिवसभर खळखळाट करून कुणाला उसंत देत नाही, ती सासू. सरळ कधी उभाच राहिला नाही, तो वकील. आणि ज्यानं माणूस गिळला, त्याला त्या माणसाचंच नाव. नाव पडलं की माणूस गेला, हे सगळ्यांनी मान्य केलं असं समजायचं.

जाळी सांधणाऱ्या काकूंचा धाकटा, बारक्या, एकदा होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. टोकापुढच्या एका काळ्या खडकावर फळ्या सापडल्या. होडीवाले मान खाली घालून दारात आले, तशा काकू हातातल्या सुईसकट उठल्या. "फळ्या सापडल्यात, माझं लेकरू नाही! त्या दगडाला त्याचं नाव दिलंत तर याद राखा!"

मग कुणाची काय बिशाद! काकूंसमोर त्या खडकाचा विषयच निघेना. वर्षं गेली. काकू टोकावरच्या कट्ट्यावर बसून लोकांची फाटकी जाळी सांधायच्या आणि घरी रोज दोन ताटं घ्यायच्या. वेडी म्हणा, नाहीतर आई म्हणा.

परवा सकाळी असं धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. काकूंचा पुतण्या पहिल्यांदाच एकटा होडी घेऊन गेलेला. इंजिनाचा आवाज आला, तशा काकू कट्ट्यावर उठून उभ्या राहिल्या. आवाज नेमका त्याच खडकाच्या रोखानं येत होता.

"अरे, वळव! पुढं खडक आहे!"

"कुठला, काकू? कुठल्या बाजूला वळू?"

"काळा! तो काळा रे!"

"काळे तर सगळेच आहेत! नाव सांग ना!"

आवाज जवळ आला.

"बारक्याचा!" त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या. "बारक्याचा खडक!"

होडी तत्क्षणी वळली. कुठला बारक्याचा, हे पोरानं विचारलंसुद्धा नाही.

तो धापा टाकत कट्ट्यापाशी आला, तेव्हा काकू जाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"कधीपासून म्हणता रे तसं?"

"पहिल्यापासूनच, काकू. तुझ्यासमोर नाही म्हणत."

"आता म्हणत जा," काकू म्हणाल्या आणि जाळ्यात तोंड खुपसून त्यांनी हंबरडा फोडला. त्या दिवशी त्यांनी एकच ताट घेतलं.