जिभेखाली काही ठेवू नये

आमचे डॉक्टर अकराची वेळ देतात आणि साडेबाराला येतात. चार माणसं दीड तास एका बाकावर बसवून ठेवली, की किस्से साठणारच! त्यात आमचा काही दोष नाही.

आम्हा चौघांचा आजार एकच. फुफ्फुसांतलं प्रेशर वाढलेलं. हाताला पट्टा बांधून मोजतात ते बीपी नव्हे, ते माझं उत्तम आहे. हे आतलं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत देव आठवला, की समजायचं वाढलंय.

चौघं म्हणजे, एक मी. नारायण पेठेत राहते, शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून सगळे मला 'बाई' म्हणतात. दुसरे कांबळेसाहेब, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. तिसरी प्राची, तिशीची, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. आणि चौथे गायकवाडअण्णा. त्यांचं गाव कधीच पुण्यात आलं, अण्णांची भाषा मात्र अजून आलेली नाही. मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्ही भेटतो. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत, एवढंच आमचं काम. तेवढ्यात काय काय होतं ते सांगते.

*

आमच्या मुख्य गोळीचं नाव सिल्डेनाफिल. ती फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करते. पण जगात तिचं नाव झालंय ते वेगळ्याच कारणासाठी, आणि ते कारण पुरुषांना जास्त माहीत असतं. इतकं पुरे.

पहिल्यांदा मी चिठ्ठी घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली. मग मला पाहिलं. मग परत चिठ्ठी.

"पेशंट कोण?"

"मी."

"नाही, म्हणजे... साहेबांसाठी का?"

"साहेबांना जाऊन नऊ वर्षं झाली."

त्याने स्ट्रिप कागदात गुंडाळली, वर दुसरा कागद गुंडाळला, आणि काउंटरखालून माझ्याकडे सरकवली. मी दोन्ही कागद सोडवले, चष्मा लावला, आणि एक्स्पायरी मोठ्याने वाचली. अहो, वाचायलाच हवी!

तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "आजी, दिवसातून तीनदा लिहिलंय."

"हो. जेवणाशी संबंध नाही."

मागे रांगेत तीन गृहस्थ उभे होते. तिघांनी मला वाट करून दिली.

*

कांबळेसाहेबांनी गोळ्यांसाठी मस्टर केलं. आखीव वही, तारीख, वेळ, सही. अक्षर इतकं सुरेख, की डॉक्टरांनी ते नर्सला बोलावून दाखवलं.

तिसऱ्या महिन्यात साहेबांच्या पायांना सूज आली, चार पावलांत दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकताहेत का?"

साहेब दुखावले. त्यांनी मस्टर पुढे केलं. एक रकाना रिकामा नाही! डॉक्टरांनी उरलेल्या स्ट्रिपा मागितल्या आणि मोजल्या. अठरा गोळ्या जास्त निघाल्या.

मग कांबळेवहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, हे सोमवारी सकाळी बसून आठवड्याच्या सगळ्या सह्या करून टाकतात. ऑफिसात तसंच करायचे."

साहेब म्हणाले, "काम नंतर होतंच."

"झालं नाही ना," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून सही वहिनी करतात. गोळी गिळल्यावर, साहेबांना 'आ' करायला लावून.

*

प्राचीला आणखी एक गोळी आहे. ती पोटातल्या बाळाला फार घातक असते, म्हणून दर महिन्याला प्रेग्नन्सी टेस्ट करायची, निगेटिव्ह आली की मगच पुढची स्ट्रिप. प्राचीने हे नवऱ्याला सांगितलं होतं. सासूबाईंना सांगायचं राहिलं.

सासूबाईंना बाथरूमच्या डस्टबिनमध्ये टेस्टची रिकामी पाकिटं सापडायला लागली. एक महिना त्या गप्प बसल्या. दुसऱ्या महिन्यात प्राचीला पोळीवर दुप्पट तूप यायला लागलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी डिंकाचे लाडू केले आणि डबा तिच्या लॅपटॉपच्या बॅगेत घातला.

मग प्राचीने त्यांना समोर बसवून सांगितलं, "आई, टेस्ट निगेटिव्ह यावी म्हणून मी देवाला हात जोडते हो. पॉझिटिव्ह आली तर माझंही खरं नाही."

हे सगळं ती बाकावर हसत सांगत होती. या वाक्याला मात्र तिला हसता येईना. मला फार वाईट वाटलं. लाडवांचा डबा तिच्या बॅगेतच होता, त्यातला एक उचलून मी तिच्या हातात दिला. मग सगळ्यांनीच एकेक घेतला.

आता दर महिन्याला सासूबाई बाथरूमच्या दारात उभ्या असतात. "आली का गं निगेटिव्ह? शाब्बास!"

*

अण्णांची तऱ्हा वेगळी. अण्णांना लाज.

"बाई, यार्डात चाळीस वर्सं काढली म्या. ही गोळी घेतो म्हनलं तर तोंड दाखवायला जागा न्हाय ऱ्हायची."

म्हणून अण्णा गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत ठेवायचे. बायकोलाही कॅल्शियमच सांगितलं. काकूंचे गुडघे दुखायचे. त्यांनी विचार केला, घरात आहेच कॅल्शियम, आपणही घ्यावं. चार दिवस घेतलं. चार दिवस डोकं ठणकतंय, तोंड लालबुंद. शेवटी अण्णांना खरं बोलावं लागलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बोलली न्हाय. हसली. पदर तोंडात कोंबून हसली."

"मग?"

"मंग म्हनली, गुडघं अजून दुखत्यातच."

*

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं मात्र. डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: छातीत दुखलं की लोक जिभेखाली जी गोळी ठेवतात, ती तुम्हाला चालणार नाही. सिल्डेनाफिल पोटात असताना ती घेतली तर बीपी धाडकन खाली येतं आणि माणूस उठत नाही. घरी सांगा, कामाच्या ठिकाणी सांगा, कोणी प्रेमाने तोंडात घातली तरी थुंकून टाका.

पुण्यात हे फार अवघड आहे. इथे दोन गृहस्थांमागे एकाच्या खिशात ती गोळी असते, आणि ती दुसऱ्याला द्यायला तो टपलेला असतो.

कांबळेसाहेबांनी चौघांसाठी त्यांच्या अक्षरात कार्डं लिहिली. 'सदर व्यक्ती सिल्डेनाफिल घेते. छातीत दुखत असल्यास जिभेखाली काहीही ठेवू नये. दवाखान्यात न्यावे. स्वतःचे डोके चालवू नये.' शेवटचं वाक्य माझं.

मी कार्ड पर्सला बाहेरून लावलं. प्राचीने कंपनीच्या आयकार्डामागे घातलं.

"अण्णा, तुमचं कुठाय?"

"गाळ्यावर. तिजोरीत."

"आणि किल्ली?"

"माझ्या करदोट्याला."

"अण्णा," मी म्हटलं, "एक दिवस तुम्ही लाजेने मराल." मी हे रागानेच म्हटलं होतं.

*

पुढच्या महिन्याच्या मंगळवारी अण्णा आले नाहीत. आम्ही तिघं त्या बाकावर कसे बसलो होतो, आमचं आम्हाला माहीत! साडेबाराला डॉक्टर आले, तरी कोणी उठेना.

त्याच्या पुढच्या महिन्यात आले. वजन चांगलंच उतरलेलं, हातावर सलाइनच्या खुणा अजून होत्या. बसले, पाणी प्यायले आणि सांगायला लागले.

गाळ्यावर माणसं बसलेली, म्हणून अण्णांनी सकाळची गोळी घेतली नाही, दुपारचीही टाळली. संध्याकाळची एका खांबाआड जाऊन घेतली. मग एक पोतं सरकवायला गेले, छाती आवळली आणि तिथेच खाली बसले. सगळा यार्ड धावला. सगळ्यांत पुढे शेजारच्या गाळ्याचे शेलार, अण्णांचे तीस वर्षांचे दोस्त, स्वतः हार्टपेशंट. त्यांनी खिशातून गोळी काढली, दोघा हमालांना अण्णांचं डोकं धरायला लावलं आणि जबडा उघडला.

"बाई, गोळी व्हटाला लागली. आन् तुमचं त्ये बोलनं आठवलं."

अण्णांनी शेलारांच्या हाताला चावा घेतला. आणि मग लिलावाच्या आवाजात, जो चार रांगांपलीकडे ऐकू जातो, ते ओरडले, "म्या सिल्डेनाफिल घेतो! दिसातनं तीन येळा! वर ही दिली तर मानूस जाग्यावर मरतो!"

"मग हसले का हो सगळे?" प्राचीने विचारलं.

"कुनी न्हाय हसलं. वजनकाटा थांबला."

"आणि शेलार?"

"शेलारानं टेंपो आनला. मला उचलून मागं निजवला, डोकं मांडीवर घेतलं. दवाखाना येईस्तवर एक शबुद बोलला न्हाय. सारखा घाम पुसत होता. सोताचा."

अण्णांनी बाकाखालची पिशवी जवळ ओढली.

"दारात पोचल्यावर माझ्या कानाशी आला आन् म्हनला, 'अण्णा, या दोन्हींच्या मधी किती येळ सोडायचा म्हनतोय तुजा डॉक्टर?'"