भिंत गार होती

मंजुळा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला बसलो होतो. पेन्शनवाल्यांना दरवर्षी यंत्रावर अंगठा टेकवून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि माझा अंगठा काही केल्या उमटत नव्हता. काउंटरवरची मुलगी म्हणत होती, "काका, बोट पुसून परत ठेवा ना." तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वेसाव्याहून मंजूचा धाकटा भाऊ बोलत होता. "सावंतभाऊ, आमची मंजू गेली ओ. सकाली चाय घेतली नि बसल्या जागी..." मी अंगठा पुसून परत ठेवला आणि या वेळी तो चटकन उमटला. त्याचा मला तेव्हा राग आला, आणि इतक्या आठवड्यांनंतर अजूनही येतो.

आम्ही दोघं वांद्र्याच्या बीकेसीत, सरकारी पाठबळावर चालणाऱ्या एका गुंतवणूक निधीत नोकरीला होतो. सोविएत संघ मोडल्यावर जे देश सरकारी शेती सोडून बाजाराकडे वळत होते, तिथल्या शेतमालाच्या आणि लहानसहान उद्योगांच्या प्रकल्पांत हा निधी भांडवल घाली, कर्ज देई. मी कायदा विभागात करारातली कलमं तपासायचो. गिरणीकामगाराचा मुलगा मी, कुठल्याही मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही हे घरातच शिकलेलो. मंजू तांत्रिक विभागात होती. शीतगृहं, दूध थंड करायची केंद्रं, फळप्रक्रिया हे तिचं काम. जन्म वेसावे कोळीवाड्यातला, आई मासळी विकणारी, घर बर्फाच्या कारखान्याला लागून. "मी बर्फात वाढले, वकिला. तुझ्यासारखी फायलीत नाय," असं ती मला चारचौघांत ऐकवायची. कॅन्टीनमध्ये सुरमई असली की ती आधी वास घ्यायची आणि मगच आम्हाला ताटाला हात लावू द्यायची. साहेब लोकही निमूट थांबायचे.

शीतगृह तपासायची तिची एक खास रीत होती. तापमापक बघून आकडा लिहून घ्यायची, पण तेवढ्यावर भागायचं नाही. आत जाऊन भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभी राहायची. तिची आई बर्फाच्या पेटीत हात घालून तसंच करायची म्हणे. "हवा काय, दार उघडलं की बदलते. भिंत फसवत नाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. नव्या पोरांना ती तेच शिकवायची आणि ती पोरंही परदेशात जाऊन सूटबुटात भिंतीला हात लावून उभी राहायची. मी त्यावरून तिची भरपूर टिंगल केली आहे.

किरगिझस्तानातल्या जर्दाळूच्या बागांचा प्रकल्प तिच्याकडे आला तेव्हा ती फार खूश होती. जुनी सामुदायिक शेती मोडल्यावर बागांचे तुकडे तिथल्या कुटुंबांना मिळाले होते आणि गुलनारा नावाच्या एका शाळामास्तरणीने गावातल्या बायांना जमवून सहकारी संस्था काढली होती. ताजे जर्दाळू टिकत नाहीत, त्यामुळे हंगामात दलाल म्हणेल त्या भावाला द्यावे लागत. शीतगृह झालं की ती ओढाताण थांबणार होती. बायांनी बागा तारण ठेवल्या, आमच्या निधीने कर्ज दिलं, ठेकेदाराने इमारत उभी केली. शीतगृह चालू झाल्याचं आमच्या अधिकाऱ्याने डोळ्यांनी बघून सही केली की मगच ठेकेदाराला शेवटचा हप्ता, असा नियम होता. तो करार मीच तपासला होता आणि मला तो अगदी चोख वाटला होता.

मंजूची भेट पुढे ढकलत ढकलत ऐन जानेवारीत ठरली. ती पोचली तेव्हा गावभर बर्फ पडलेलं. बाहेर जनरेटर धडधडत होता, आत दिवे होते, तापमापकावर हवा तो आकडा होता. खोल्या अर्थातच रिकाम्या, कारण फळाचा हंगाम नव्हता. मंजूने भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती. तिने सही केली, गुलनाराच्या घरी रोटी खाल्ली आणि परत आल्यावर मला म्हणाली, "झकास काम झालंय रे. ती गुलनारा एकदम माझ्या आईवर गेलीय, तशीच भांडखोर."

उन्हाळ्यात बायांनी सगळं पीक तोडून शीतगृहात भरलं, आणि ते तिथेच सडलं. थंड करणारं यंत्र विजेला कधी जोडलेलंच नव्हतं. जनरेटर फक्त दिव्यांसाठी होता, आणि ठेकेदार शेवटचा हप्ता घेऊन केव्हाच पसार झाला होता. जानेवारीत मंजूच्या हाताला लागलेला गारवा हा तिथल्या हिवाळ्याचा होता... ही चूक थंड देशातल्या माणसाने केली नसती. त्याने आधी विचारलं असतं की बाहेर एवढी थंडी असताना आतल्या थंडीचं काय कौतुक. पण वेसाव्याच्या मुलीला थंडी म्हणजे यंत्राने करायची आणि लाद्या फोडून विकत आणायची वस्तू. फुकटची, आपोआप येणारी थंडी तिच्या हाताला माहीतच नव्हती. आम्हा मुंबईकरांपैकी कुणालाच नव्हती. ऑफिसात एकालाही जानेवारी या शब्दापाशी अडखळावंसं वाटलं नाही.

पुढचं सगळं वाईटच झालं. शीतगृह चालू होतं असं मंजूची सही सांगत होती, म्हणजे ते बंद पडलं ही बायांची हलगर्जी, असा अर्थ निघाला. मंजूने वरिष्ठांना लिहून दिलं की माझी तपासणी चुकली, सही ग्राह्य धरू नका. साहेबांनी तिला बोलावून अगदी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, तापमापक खोटं बोलला का? नाही ना? मग तुमची तपासणी बरोबरच आहे." वसुली झाली, बागा गेल्या. घरोघरची माणसं रशियात मजुरीला गेली. बाग दुसऱ्याच्या ताब्यात जायच्या आदल्या दिवशी एका म्हाताऱ्याने आपली झाडं स्वतःच्या हाताने तोडली, तेही मंजूच्या कानावर आलं. पुढे तिने मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोप समारंभाला ती आली नाही, आणि बरंच झालं, कारण मी तिथे साहेबांना काहीतरी बोलून बसलो असतो.

त्यानंतर दरवर्षी हंगाम संपला की गुलनाराकडून वेसाव्याला एक डबा यायचा. कुणाच्या तरी छपरावर वाळवलेले जर्दाळू, पांढऱ्या कापडात शिवलेले. मंजूने त्यातला एकही कधी खाल्ला नाही. डबा तसाच माझ्या पिशवीत टाकायची. "तिला वाटतं मी त्यांच्यासाठी भांडले. तिला काय माहीत, माझ्या हाताने वाट लागली त्यांची. तिने शिव्या घातल्या असत्या ना, त्या पचल्या असत्या रे." मी म्हटलं, "मग फोन करून सांगून टाक." ते तिला पटायचं नाही. असलं फोनवर सांगायचं नसतं, तोंडावर सांगायचं, समोरच्याला आपल्या तोंडावर थुंकता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्यासाठी तिने पासपोर्टही नवा करून घेतला. मग हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू दिलं नाही.

आमची शेवटची भेट तिच्या घरी, दुपारची. भाऊ सुके बोंबील उलटवत अंगणात होता आणि ती दारातल्या खुर्चीवर, पायांना सूज. बोलता बोलता मधेच म्हणाली, "माझ्याच्यान आता नाय होणार. तू सांग तिला." मी विषय टाळायला म्हणालो, "मी काय सांगू? मला तिची भाषाही येत नाही." "भिंत गार होती, एवढंच सांग. गुलनारा होती तिथे. बाकीचं तिला कळेल."

बाराव्याला गेलो तेव्हा भावाने यंदाचा डबा माझ्या हातात ठेवला. ती गेल्यावर आला होता. "हे तिचं नेहमीचं. आमी काय करू?" मी घरी आणला आणि चार दिवस चालढकल करून शेवटी फोन लावला. गुलनाराची मुलगी इंग्रजी शिकवते, ती दोघांच्या मधे बसून एकेक वाक्य पोचवत होती. मंजू गेल्याचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ रडणं ऐकू आलं. मग मी माझं काम उरकलं. म्हटलं, त्या दिवशी भिंत गार होती म्हणून मंजुळाने सही केली, तिची चूक झाली, ती तिला जन्मभर लागून राहिली, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मुलीने भाषांतर केलं. गुलनारा काहीतरी बोलू लागली, खूप वेळ बोलत राहिली, आणि मुलगी मात्र गप्प. मी दोनदा हॅलो म्हणालो.

"सर," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज बदललेला होता. "आई म्हणते, मशीन जोडलेलं नाही हे तिला त्या दिवशी माहीत होतं. ठेकेदार म्हणाला होता, पाहुणीची सही होऊ द्या, हप्ता मिळाला की जोडतो. तुमच्या मॅडमनी भिंतीला हात लावला आणि आईकडे बघून हसल्या. आई म्हणते, तेव्हा सांगायला हवं होतं... ती म्हणते, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून ती दरवर्षी डबा पाठवायची." मग तिने विचारलं, "आई विचारतेय, त्यांना आवडायचे का?"

मी हो म्हणालो. खूप आवडायचे म्हणालो.

दोन बाया, एक वेसाव्यात आणि एक त्या डोंगरात, इतकी वर्षं एकाच गोष्टीसाठी एकमेकींसमोर मान खाली घालून बसल्या होत्या, आणि एक ते न कळताच गेली. माझं मन त्यापलीकडे जात नाही. मला फार वाईट वाटतं, आणि कुणावर रागवावं हे आयुष्यात पहिल्यांदाच कळत नाही. डबा आमच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. बायको म्हणते, पोरखेळ पुरे, खाऊन तरी टाका नाहीतर कुणाला देऊन टाका. परवा कापडाची शिवण उसवली आणि एक जर्दाळू तोंडात टाकला. गोड होता. गिळवला नाही.