उपासानं न उतरलेलं वजन

साखर फार वाढली म्हणून नागपूरला माझं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. त्यात जेवणाची वाट जुन्या पोटाला वळसा घालून थेट पुढच्या आतड्याला जोडतात. आमच्या रिसोडकडच्या खेड्यात मात्र मालकांनी सांगितलं, ही महिनाभर बहिणीकडं राहते. पोट कापून घेतल्याचं सासूबाईंना सांगायची दोघांचीही छाती नव्हती. मी बारीक झाले तेव्हा कारण सासूबाईंनीच ठरवलं: गुरुवारचे उपास. मी नाही म्हटलं नाही. हळूहळू अर्ध्या गल्लीनं गुरुवार धरले. सासूबाईंनीही.

यंदा मला कावीळ झाली. पित्ताच्या नळीत खडे अडकले होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही ऑपरेशन?"

"काहीच नाही साहेब," सासूबाई म्हणाल्या. "उपासानं उतरली हे."

मालक पंख्याकडं बघायला लागले.

"मग उद्या तोंडातून दुर्बीण घालून खडे काढू."

बाहेर मी मालकांना कोपऱ्यात ओढलं. "सांगा ना त्यायले. दुर्बीण आत भलतीकडंच गेली तं?"

"तूच सांग. पोट तुहं हाय."

"अन् माय तुमची हाय!"

शेवटी मीच डॉक्टरांच्या चिठ्ठीमागं लिहिलं, 'नागपूरला पोटाचं बायपास झालं आहे. सासूबाईंना सांगू नये.' ती नर्सच्या हातात कोंबली.

डॉक्टरांनी तिघांनाही आत बोलावलं आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली. दोन्ही ओळी.

"बरं झालं लिहिलंत. मी आत हिंडत राहिलो असतो, गाव लागलं नसतं." आता पोटावर छोटं भोक पाडून, बंद पडलेल्या जुन्या पोटातून दुर्बीण न्यायची, असं त्यांनी समजावलं.

सासूबाईंनी मालकांकडं पाहिलं. "म्हंजे बहिणीकडं नव्हती हे?"

"नाही."

मी पायाचे अंगठे मोजत बसले. दोनच होते.

"खडे निघतीन ना, साहेब?" सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"निघतील."

"मंग करा." त्या दिवशी एवढंच बोलल्या.

सकाळी मला आत न्यायला गाडी आली तेव्हा त्या वाकल्या. आता ऐकावं लागणार, म्हणून मी डोळे मिटले.

"पोरी, मीबी गुरुवारी कोठीत चोरून चिवडा खाल्ला. कोणाले सांगजो नको."

मी इतकी हसले की नर्स रागावली, बाई, हलू नका.

खडे निघाले. चिवड्याचं मी कुणाला बोलले नाही. लिहिलं फक्त.